माळ आणि मळा

लातूर

चि. लेकीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बाजारभावाच्या तक्त्यात 'मका'च्या जागी 'काम' छापून गेलं आणि ते पान तू स्वतः वाचून सोडलं होतंस, हे तुला फार लागलंय. तू विचारलंस, शब्द खरा, शुद्धलेखन बरोबर, कंप्युटरनं खाली लाल रेघसुद्धा ओढली नाही, मग पकडायचं ते कशाच्या आधारावर? दोन ओळींत उरकण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून सवडीनं लिहितोय.

चुकीचं अक्षर पडलं की बहुधा शब्द मोडतो, आणि मोडलेला शब्द डोळ्यात सलतो. 'मका'चं 'मखा' झालं असतं तर तू ते झोपेतही पकडलं असतंस. पण काही वेळा शब्दातली सगळी अक्षरं हजर असतात, फक्त एकमेकांच्या बाकावर बसलेली असतात. हजेरी घेतली तर एकही गैरहजर नाही. आणि त्या नव्या बसण्यातून दुसराच खरा शब्द तयार झाला, तर डोळाही फसतो आणि यंत्रही. शब्द कोशात आहे का, एवढंच यंत्र मुख्यतः पाहतं. 'काम' कोशात आहेच. वाचायला शिकलेला माणूस तर एकेक अक्षर जुळवत बसत नाही, शब्दाचं ओळखीचं रूप दिसलं की तो पुढं सरकतो. मुद्रितशोधनात मी सगळ्यांत जास्त भितो ती या चुकीला.

वाल्या कोळ्याची गोष्ट तुला पाठ असेल. 'मरा मरा' म्हणत राहिला आणि त्याचा 'राम राम' झाला. 'म' आणि 'रा' दोनच अक्षरं, जागा बदलली की मरणाचं देवाचं नाव होतं. पुराणात ही अदलाबदल माणसाला तारून गेली. छापील कागदावर ती तशी तारत नाही, कारण तिथं कुणी पुन्हापुन्हा म्हणत बसत नाही. एकदा छापलं की तेच राहतं.

ही अदलाबदल कशी होते ते समजून घेतलंस तर कुठं पाहायचं ते आपोआप कळेल. कधी मन घसरतं आणि आख्खं अक्षर काना-मात्रेसकट सरकतं: 'मका'चं 'काम', 'सभा'चं 'भास', 'पता'चं 'ताप', आपल्या 'बीड'चं 'डबी'. कधी बोट घसरतं. तू इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टंकतेस ना? त्यात स्वरचिन्हं डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला असतात. 'राज' लिहिताना र उजव्या हातानं, काना डाव्या, ज परत उजव्या. डावा हात क्षणभर मागं राहिला की कागदावर 'रजा' उमटतं. 'नाव'चं 'नवा', 'राम'चं 'रमा' हे सगळं एकटा काना उशिरा पडण्यानं होतं. कधी दोन शेजारची व्यंजनं एकमेकांना ओलांडतात: 'कलम'चं 'कमल', 'गजर'चं 'गरज', 'मदन'चं 'दमन', 'नमन'चं 'मनन'. आणि 'रमण'चं 'मरण'. वाढदिवसाच्या जाहिरातीत हे नाव असेल तेव्हा त्या घराचा विचार कर आणि ती जाहिरात सगळ्यांत आधी वाचायला घे.

इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा कीबोर्ड वापरणाऱ्यांचं आणखी वेगळं. आर, ए, एम, ए या चार कळांतून 'राम' निघेल की 'रमा', हे यंत्राच्या अंदाजावर ठरतं. तिथं कुणाचं बोटही चुकलेलं नसतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणतानाही असंच होतं. त्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची पद्धत, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर नोंदली जाते. रूपांतरात गडबड झाली की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. म्हणून रूपांतर केलेला मजकूर 'आधी तपासलेला आहे' असं कुणी सांगितलं तरी तो नव्यानं वाचायचा.

आता तुझ्या प्रश्नाकडं येतो. आधार कशाचा? पहिला आधार आपल्या भाषेनंच दिलाय. मराठीत प्रत्येक नामाला लिंग आहे आणि ते आजूबाजूच्या शब्दांवर उमटतं. सप्ताहाच्या पत्रिकेत 'हरिनामाचा गजर' असतो. त्याचं 'हरिनामाचा गरज' झालं, तर मोठ्यानं वाचताना 'चा'पाशी ठेच लागणारच. 'रात्री वीज गेली'चं 'रात्री जीव गेली' झालं, तर 'गेली' चुगली करते. शब्द एकटा खोटं बोलू शकतो, पण प्रत्यय आणि क्रियापद त्याला साथ देत नाहीत. म्हणून मी कायम सांगतो, प्रूफ तोंडानं वाच. पुटपुटत का होईना, पण शेवटच्या प्रत्ययापर्यंत वाच. डोळा नामावरून नामावर उड्या मारतो, प्रत्यय गाळतो.

पण हा पहारेकरी सगळीकडं नसतो. 'नमन' आणि 'मनन' दोन्ही नपुंसकलिंगी, तिथं तो गप्प बसतो. आणि जिथं वाक्यच नसतं तिथं तर तो मुळीच नाही. तक्ता, मथळा, नावांची यादी, पत्ता, नोटिशीतली चतुःसीमा, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे ती नोंद. तुझा 'मका' तक्त्यात होता, भोवती क्रियापद नव्हतं, म्हणून तो निसटला. यापुढं पान हातात आलं की आधी बघ, वाक्य नसलेला मजकूर कुठं कुठं आहे. तिथं दुप्पट वेळ दे. अग्रलेख थोडा भरभर वाचलास तरी चालेल, त्याला वाक्यांचा आधार आहे.

पत्राला मी 'माळ आणि मळा' असं नाव दिलंय, त्याचं कारण हेच. तुझ्या छापखान्यात जाहीर नोटिसा येतात. मौजे अमुक, गट क्रमांक अमुक, क्षेत्र इतके हेक्टर इतके आर, पूर्वेस नाला, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस माळ. 'माळ'मधला काना एक कळ उशिरा पडला की 'दक्षिणेस मळा'. दोन्ही शब्द पुल्लिंगी, दोन्ही शेतातले, दोन्ही त्या जागी शोभणारे. मोठ्यानं वाचलंस तरी ठेच लागणार नाही. पण आपल्या भागात माळ म्हणजे कोरडं, खडकाळ, पाऊस पडला तर गवत उगवणारं रान. मळा म्हणजे विहिरीच्या पाण्यावरचं बागायती वावर. एक काना इकडचा तिकडं गेला आणि ज्या जमिनीवर कुणी सहसा भांडत नाही तिच्या जागी कुणाचा तरी जीव की प्राण असलेला तुकडा आला. नोटीस हरकती मागवण्यासाठीच असते. शेजारचा मळेवाला ती वाचून धास्तावेल, कागदपत्रांची पिशवी काढेल, तालुक्याला वकिलाकडं जाईल, रोजगार बुडवेल.

आपल्याकडं छापील कागदाला किती वजन आहे ते तू पाहत वाढलीस. २०२३ मध्ये निजामकाळच्या दप्तरातल्या कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यात घरोघरी जुने मोडी, उर्दू कागद बाहेर निघाले. कुणा कारकुनानं कधीकाळी लिहिलेल्या एका शब्दावर आज मुलांचे दाखले अडतात किंवा सुटतात. सातबाऱ्यात लेखनप्रमाद शिरला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तो दुरुस्त करता येतो, पण त्यासाठी अर्ज, पुरावे, हेलपाटे हे सगळं ज्याची चूक नाही त्यालाच करावं लागतं. छापखाना म्हणजे सरकारी दप्तर नव्हे हे खरं. तरी आपण छापलेलं कात्रण लोक ट्रंकेत जपून ठेवतात आणि पुढं पुरावा म्हणून काढतात. त्यांच्या त्या विश्वासाला तुझं काम पुरं पडलं पाहिजे.

मग माळ-मळा पकडायचा कसा? वाचून नाही. ताडून. मूळ प्रतीशी ताडल्याशिवाय दुसरा मार्गच नाही. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं प्रुफावर पेन्सिल फिरवायची, ही जुन्या छापखान्यांची रीत आजही सगळ्यांत चांगली. लक्षात ठेव, मोठ्यानं वाचायची ती मूळ प्रत. प्रूफ वाचून मूळ प्रत 'बघितली' की डोळा मूळ प्रतीतही तेच बघतो जे कानावर पडलंय.

आणि नावं, गावं, चतुःसीमा आली की नुसता शब्द उच्चारू नका. पहिलीत बाई म्हणवून घ्यायच्या तसं फोडून म्हणा: म ला काना मा, ळ, माळ. र ला काना रा, म, राम. लहान मुलांची म्हणून ही पद्धत आपण सोडून देतो. पण जागांची अदलाबदल पकडायला यासारखं साधन मला दुसरं सापडलं नाही, कारण काना नेमक्या कुठल्या अक्षराला आहे हे त्यात तोंडानं सांगावंच लागतं. मोठ्या प्रेसमध्ये लाजल्यासारखं वाटेल. लाजू नकोस.

सोबतीला कुणी नसेल तर पेन्सिलीचं टोक प्रत्येक अक्षरावर ठेवून वाच. तक्ता खालून वर वाच, म्हणजे पुढं काय येणार हे मनाला आधी कळत नाही. शक्य असेल तर कागदावर प्रिंट काढ. पडद्यावर जे सुटतं ते कागदावर दिसतं, हा प्रुफं वाचणाऱ्या बहुतेकांचा अनुभव आहे. मथळे शेवटी पुन्हा स्वतंत्रपणे वाच. मोठ्या टाइपातली चूक जास्त सुटते, कारण मोठ्या अक्षरांत चूक असेल असं कुणाला वाटतच नाही.

कानावरही आंधळा भरवसा नको. बोलण्यात अक्षरं जागा बदलतात, व्याकरणात त्याला वर्णविपर्यय म्हणतात. वाराणसीचं बनारस त्यातूनच झालं. आपल्याकडं 'नुकसान' कमी आणि 'नुसकान' जास्त ऐकू येतं, 'मतलब'चं 'मतबल' होतं. बोलीत ते गोड आहे, कुणाच्या तोंडचं वाक्य असेल तर तसंच ठेवावं. पण फोनवर ऐकून टंकलेल्या बातमीत कान आणि बोट दोघंही मिळून अशी गंमत करून ठेवतात. बातमीदारानं फोनवर सांगितलेलं गावाचं नाव नेहमी फोडून लिहून घे.

गावांवरून आठवलं. नांदेड जिल्ह्यात मुखेड आहे आणि मुदखेडही आहे. दोन्ही तालुक्याची गावं. मधला 'द' गळाला की बातमी एका तालुक्यातून उचलून दुसऱ्यात जाऊन पडते, आणि पान वाचणाऱ्या परभणीकराला काहीच खटकत नाही. ही अदलाबदल नव्हे, गळती आहे, पण जात तीच: चुकल्यावरही खरंच नाव उरतं. अशा जोड्यांची एक वही ठेव. माझ्याकडून ऐकलेल्या नको, तुझ्या जिल्ह्यातल्या, तुझ्या पानावर येणाऱ्या. 'शोधा आणि बदला' ही सोय वापरणाऱ्यांनाही जपायला सांग. जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून सगळीकडं 'उस्मानाबाद'च्या जागी 'धाराशिव' घालायला सांगितलं, तर यंत्र 'उस्मानाबादी शेळी'ची 'धाराशिवी शेळी' करेल. ती जात उस्मानाबादी या नावानंच नोंदलेली आहे.

आकड्यांत तर प्रत्येक अदलाबदल खरीच दिसते. ४५९० आणि ४९५० यांत कुठला आकडा चुकीचा 'दिसतो' सांग बरं? हिशेबनीस एक युक्ती वापरतात, ती शिकून घे. शेजारचे दोन अंक उलटे पडले की खऱ्या आणि चुकलेल्या आकड्यातला फरक नेहमी ९ नं भागला जातो. इथं फरक ३६०, म्हणजे ९ गुणिले ४०. तक्त्याची बेरीज जुळत नसेल आणि फरकाला ९ नं भाग जात असेल, तर आधी उलटलेले अंक शोध. काही आकड्यांना स्वतःचं संरक्षण असतं. आधारच्या १२ अंकांतला शेवटचा अंक तपासणीचा आहे. तो व्हरहॉफ नावाच्या डच गणितज्ञाच्या पद्धतीनं काढलेला असतो आणि शेजारच्या दोन अंकांची कुठलीही अदलाबदल तो पकडतो. पुस्तकांच्या १३ अंकी आयएसबीएनलाही असा अंक आहे, पण त्यात एक भोक आहे: शेजारच्या अंकांत ५ चा फरक असेल, जसं २ आणि ७, तर त्यांची अदलाबदल त्याला कळत नाही. पुस्तकाचं काम आलं तर हे ध्यानात ठेव. गट क्रमांकाला, मोबाइल नंबरला मात्र असा राखणदार नाही. १४३ चा १३४ झाला तर तो दुसऱ्याच कुणाचा तरी गट असतो. तिथं तूच राखणदार.

एक गोष्ट मात्र फार महत्त्वाची, आणि इथं नवी माणसं चुकतात ती आळसानं नव्हे तर उत्साहानं. शंका आली की ते स्वतःच ठरवून टाकतात. मूळ प्रतीतच 'दमन' असं लिहिलेलं असेल तर तो 'मदन' असणार असं तुला वाटेल. वाटू दे. पण बदलू नकोस. पेन्सिलीनं गोल कर, समासात प्रश्नचिन्ह टाक आणि ज्याचा मजकूर आहे त्याला फोन कर. आपलं काम शुद्ध करण्याचं, सुधारण्याचं नव्हे.

या बाबतीत आपल्याच भागातला आदर्श आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढच्या जवळपास तीनशे वर्षांत हातानं नकला होताना आणि पाठांतरातून तिच्यात पाठभेद शिरले. पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ ला, ती शोधून शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, अशुद्धी नंतर आली, असं ते स्वच्छ सांगतात. आणि पुढं बजावतात की या ग्रंथात जो स्वतःची ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजावं. विचार कर, स्वतः एवढे मोठे कवी. त्यांना एखादी ओळ जास्त चांगली सुचली नसेल का? पण दुसऱ्याचा मजकूर हातात असताना त्यांनी आपली प्रतिभा बाजूला ठेवली. पैठण तुझ्यापासून लांब नाही, पण गेली नाहीस तरी हे एवढं मनात ठेव.

रात्री पान सोडायची घाई असते, हे सगळं तेव्हा कसं जमायचं, असं तू म्हणशील. खरंय, सगळं जमत नाही. हातात दहा मिनिटं असतील तर नावं, आकडे, वार-तारीख आणि मथळे एवढंच वाच, बाकी सोड. वार आणि तारीख कॅलेंडरशी जुळवून बघ. लग्नाच्या आणि दहाव्या-तेराव्याच्या मजकुरात तर हमखास.

दुरुस्ती सांगताना दोन्ही अक्षरांना धरून वरून-खालून जाणारी नागमोडी रेघ काढ, अदलाबदलीची खूण तीच आहे, आणि समासात पूर्ण शब्द सुवाच्य लिही. नुसत्या खुणेवर ऑपरेटरला सोडू नकोस. दुरुस्ती झाल्यावर ती ओळ, तिच्या वरची आणि खालची ओळ परत वाच, कारण एक काना जागेवर आणताना दुसरा हलतो. ऑपरेटरवर आवाज चढवू नकोस. दिवसभरात त्याच्या हाताखालून हजारो अक्षरं जातात, आणि तो दबला की पुढच्या वेळी शंका आली तरी बोलणार नाही. त्याला आलेली शंका तुला हवी आहे.

आणि त्या 'मका'चं. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायला मालक नको म्हणाले, असं तू लिहिलंस. त्यांना एकदा शांतपणे सांगून बघ की भाव बघून माल आणणारा माणूस त्या तक्त्यावर अवलंबून असतो. तक्त्याला नाही जमलं तरी जाहीर नोटिशीच्या बाबतीत मात्र मागं हटू नकोस. तिथली दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात, मूळ नोटिशीची तारीख देऊन छापायला हवी, आणि पक्षकाराला आपणहून कळवायला हवं, त्यानं फोन करायची वाट न पाहता. प्रत्येक नोटिशीची मूळ प्रत आणि त्यावरची पक्षकाराची सही फाइलला लावून ठेव. हरकतीची मुदत संपेपर्यंत तरी ती रद्दीत जाता कामा नये.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझा,
काका